म्हातारी बाजारात गेली आहे

मंडळी, विषय ठरलाय 'सार्वजनिक शिल्प आणि शहराचा जिव्हाळा'. त्याकडे येतोच. पण मलबार हिलवरचा म्हातारीचा बूट डोळ्यांसमोर आणल्याशिवाय मला या विषयावर बोलताच येत नाही. इथे बसलेल्यांपैकी लहानपणी त्या बुटात कोण कोण चढलंय? बघा, निम्मी खोली!

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा पाच वर्षांचा होतो. आई म्हणाली, बूट बघायला जायचंय. मला वाटलं, दुकानात. कमला नेहरू पार्कात शिरलो तर समोर घराएवढा बूट, त्याला खिडक्या, आत जिना! ताई माझा हात धरून वर घेऊन गेली. आत गारवा होता, अंधूक उजेड होता, पुढच्या मुलाच्या टाचा माझ्या नाकाशी येत होत्या. वरच्या खिडकीतून खाली पाहिलं तर आई इवलीशी दिसत होती. आयुष्यात पहिल्यांदा मी आईपेक्षा उंच झालो होतो. मग मी विचारलं, "ताई, म्हातारी कुठंय?" ताई म्हणाली, "बाजारात गेलीय." झालं! ती परत येईपर्यंत मी खाली उतरायला तयार नाही. मागे मुलांची रांग तुंबली, खालून बाबा हाका मारतायत. मोठ्यांना आत जाता येत नाही, त्यामुळे त्यांना वरही येता येईना. शेवटी ताईनं माझी बखोट धरून मला खाली आणलं.

हे सांगण्याचं कारण आहे. काही वर्षांपूर्वी एका चर्चासत्रात एक जाणकार गृहस्थ म्हणाले, "बूट म्हणजे बागेतलं खेळणं, त्याला शिल्प कशाला म्हणायचं?" ते वाक्य मला अजून टोचतं. खेळता येतं म्हणून शिल्पाची किंमत कमी होते, हे कुणी ठरवलं?

तो बूट 1952 सालचा. कल्पना एका इंग्रजी बालगीतातली, बुटात राहणाऱ्या लेकुरवाळ्या म्हातारीची. घडवणारे सोली आर्सीवाला पर्यावरण अभियंते होते, पुढे नागपूरच्या नीरीचे, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेचे, संचालक झाले. सांडपाण्याचा अभ्यास करणारा माणूस! मला यात फार अर्थ दिसतो. पाणी कुठून शिरेल आणि कुठून निघेल याचा विचार करणाऱ्यानं मूल कुठून शिरेल आणि कुठून डोकावेल याचा विचार केला. चौथऱ्यावरचा पुतळा आपण खालून बघतो. इथे मात्र मूल शिल्पाच्या आत असतं आणि आईबाप खालून बघत असतात.

चिठ्ठी आली, दहाच मिनिटं उरलीत. मग कबूल केलेला मुद्दा भराभर सांगतो.

शहराचा जीव कशावर जडतो ते लोकांनी दिलेल्या नावावरून कळतं. काळा घोडा घ्या. 1879 साली बसवलेला तो पुतळा खरं तर प्रिन्स ऑफ वेल्सचा, पुढे सातवा एडवर्ड झाला त्याचा. देणगी अल्बर्ट ससूनची, शिल्पकार बोहम. पण मुंबईनं राजपुत्राकडे पाहिलंच नाही, पाहिला तो घोडा. 1965 मध्ये पुतळा तिथून हलवला, तो राणीच्या बागेत गेला, तरी चौकाचं नाव काळा घोडाच राहिलं. 2017 मध्ये तिथे नवा घोडा आला, तोही स्वाराशिवाय. लोकांनी निवाडा दिलेलाच होता.

मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूरनं शिकागोत 168 पोलादी पत्रे जोडून, सांधे घासून नाहीसे करून आरशासारखं शिल्प उभं केलं. नाव दिलं 'क्लाउड गेट'. शिकागोकर त्याला बीन म्हणतात, म्हणजे आपल्या घेवड्याचा दाणा. कपूरना आधी ते रुचलं नव्हतं. लोक मात्र त्याच्या कमानीखाली शिरून आपलीच वेडीवाकडी प्रतिबिंबं शोधत राहिले. आत शिरता यावं आणि लाडानं हाक मारता यावी, या दोन गोष्टी असल्या की शहर ते शिल्प आपलं म्हणतं. समिती नेमणाऱ्यांनी खर्चाच्या आधी एवढं विचारावं: इथे लहान मूल काय करेल?

बेल झाली. एकच सांगतो. मध्यंतरी नातीला घेऊन गेलो होतो. ती वर गेली, मी खाली उभा. खिडकीतून ओरडली, "आजोबा, म्हातारी कुठंय?" मी म्हटलं, "बाजारात गेलीय." ती जरा थांबली आणि म्हणाली, "हो, दुसरा बूट घालून गेली असेल!"