पोटातली दुर्बीण आणि तलवार गिळणारा माणूस

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या महिन्यात माझ्या आईची दुर्बिणीची तपासणी झाली. रात्री नऊनंतर पाण्याचा थेंबही नाही. सकाळी घशात तो कडू, बधिर करणारा फवारा मारला, डाव्या कुशीवर निजवलं, दातांमध्ये प्लॅस्टिकची रिंग बसवली. डॉक्टर म्हणत होते, "आजी, घोट घ्या. अजून एक घोट," आणि काळी नळी आत सरकत होती. मी समोरच्या पडद्यावर आईची गुलाबी अन्ननलिका बघत होतो, पण मनात सारखा येत होता तो तलवार गिळणारा माणूस. आज त्याच्याबद्दलच बोलायचंय.

ही विद्या आपल्याकडची, फार जुनी. लंडनला ती पोचवणाऱ्यांपैकी एक होता रामो सामी. मूळ नाव रामस्वामी असावं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो इंग्लंडला गेला, 1819 मध्ये अमेरिकेतही खेळ करून आला. पितळी गोळे हवेत खेळवायचा आणि शेवटी तलवार घशात उतरवायचा. लंडनमध्ये त्याच्या नावाला गर्दी लोटायची. 1850 मध्ये तो वारला तेव्हा त्याला पुरायलाही घरात पैसे नव्हते. बायकोला वर्तमानपत्रातून लोकांकडे मदत मागावी लागली. कलाकाराचा खेळ फुकट बघून शेवटच्या क्षणी गर्दीतून सटकणारी माणसं मला आजही दिसतात, आणि फार राग येतो. डोंबाऱ्याच्या पोरीने दोरीवरून उतरून थाळी पुढे केली की खिशात हात घालावा, पोरीकडे बघून हसावं आणि मग पुढे जावं.

असो. आता ही तलवार जाते कशी? आपण 'गिळणारा' म्हणतो, पण तो गिळत नाही. नीट ऐका, तो गिळत नाही, गिळणं थांबवतो. सकाळी जीभ खरवडताना हात थोडा मागे गेला की उमासा येतो ना, तो उमासाच त्याला आधी शांत करावा लागतो. त्यासाठी आधी बोट, मग चमचा, रंगाचा ब्रश, विणायची सुई, प्लॅस्टिकची नळी. रोज थोडं थोडं, महिनोन्‌महिने, काहींना वर्षंही लागतात. आपल्या हठयोगातली वस्त्रधौती आठवा. चार अंगुळं रुंद, पंधरा हात लांब ओलं फडकं हळूहळू आत घ्यायचं. घसा समजावता येतो, हे आपल्या लोकांना कधीचं माहीत होतं. (घरात मुलं ऐकत असतील तर त्यांना आत्ताच सांगा, यातलं काहीही करून बघायचं नाही. काहीही नाही.)

मग मान मागे टाकायची. तोंड, घसा, अन्ननलिका एका रेषेत आली की पातं श्वासनलिकेच्या मागून, हृदयाला अगदी खेटून खाली उतरतं. दातांपासून जठराच्या तोंडापर्यंत साधारण 40 सेंटीमीटर.

आता ती गोष्ट, जी सांगायला मी आज इथे बसलोय.

साल 1868. जर्मनीतलं फ्रायबुर्ग. तिथल्या विद्यापीठात अडॉल्फ कुसमाउल नावाचे प्राध्यापक डॉक्टर होते. त्यांच्याकडे अन्ननलिकेत गाठ झालेला एक रोगी आला. गाठ घशापासून थोडीच खाली होती, ती त्यांना नळीने दिसली. झालं, त्यांच्या मनाने घेतलं की अजून खाली बघायचं. थेट जठरात. पण जिवंत माणसाच्या घशातून सरळ, कडक नळी घालणार कशी? रोगी उमासे देणार, नळी ढकलली तर आत फाटणार.

एके दिवशी त्यांचा सहायक गावातल्या एका खाणावळीत गेला. तिथे एक जण पोटासाठी तलवारी गिळून दाखवत होता. लोक बघत होते ते मुठीपर्यंत नाहीसं होणारं पातं. सहायकाने बघितली ती मान. मागे टाकलेली मान आणि एका रेषेत आलेला घसा! तो त्या माणसाला इस्पितळात घेऊनच आला.

कुसमाउलांनी गावातल्या कारागिराकडून धातूची नळी बनवून घेतली. लांबी 47 सेंटीमीटर, म्हणजे आपल्या कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत, एक हात. जाडी 13 मिलिमीटर. आणि त्या माणसाने ती नळी घेतली. मान मागे, डोळे छताकडे, नळी आत. ज्या वाटेवर नावाजलेले डॉक्टर अडले होते, ती वाट खाणावळीत खेळ करणाऱ्याने मोकळी करून दिली. नळी जठरात पोचली!

पण दिसेना. विजेचे दिवे नव्हते. स्पिरिट आणि टर्पेंटाइनवर जळणाऱ्या दिव्याचा उजेड आरशाने नळीत सोडायचा. एवढ्या खोल तो पोचता पोचता मंद व्हायचा, वर जठरातलं पाणी मधे यायचं. कुसमाउलांनी शेवटी तो नाद सोडला. पण कडक नळी जिवंत माणसाच्या जठरापर्यंत जाते, हे त्या दिवशी कळलं ते कळलंच. पुढे विजेचा दिवा आला, मग वाकणारी नळी आली. काचेच्या बारीक तंतूंच्या जुडीतून चित्र नेण्याचं काम 1954 मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध केलं त्यात आपले पंजाबचे नरिंदर सिंग कपानी होते. आईच्या पोटात गेलेली नळी याच वंशातली.

मधुमेहाचा रोगी अत्यवस्थ झाला की खोल, जोरकस श्वास घेतो. त्याला आजही जगभर कुसमाउल श्वसन म्हणतात. त्या खाणावळीतल्या माणसाला मात्र बहुतेक पुस्तकांत नाव नाही. 'एक तलवार गिळणारा', एवढंच. हे मला बोचतं. 1906 मध्ये म्युनिकला हृदयाचे विद्युत ठोके अन्ननलिकेतून पहिल्यांदा नोंदवले, तेही अशाच एका कलाकाराच्या घशातून. घसा यांचा, नाव दुसऱ्याचं.

2006 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये अशा 46 कलाकारांची पाहणी छापून आली. त्यातल्या एका कलाकाराच्या खांद्यावरच्या पोपटाने, मोठ्या मकाव पोपटाने, खेळ चालू असताना दंगा केला. लक्ष क्षणभर ढळलं आणि अन्ननलिका फाटली. म्हणून सांगतो, समोर कुणी कसब दाखवत असेल, मग ते गाणं असो की तलवार, तर मोबाइल बंद ठेवा.

घरी परतताना रिक्षात आईला ही फ्रायबुर्गची गोष्ट सांगितली. रात्रीपासून उपाशी होती बिचारी, घसा बधिर, बोबडं बोलत होती. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यालाही उपाशीच ठेवलं असेल ना रे? मग नंतर जेवायला घातलं का त्या डॉक्टरांनी?"