आवाज थांबेपर्यंत नोकरी थांबवायची का?

मी हिशेबनीस आहे. तुमच्याशी बोलतेय आणि डाव्या कानापाशी, फक्त मलाच ऐकू येणारा, एक पुरुषी आवाज म्हणतोय, ‘बस खाली.’ तेव्हा मी अधूनमधून अडखळले तर समजून घ्या.

आजारपणानंतर मला सगळ्यांनी एकच सांगितलं, आधी आवाज जाऊ देत, मग नोकरीचं बघू. औषधांनी आवाज मंदावले, गेले मात्र नाहीत. वाट बघण्यात चार वर्षं गेली, आणि रिकाम्या घरात आवाजांना रान मोकळं मिळालं.

१९८७ साली नेदरलँड्समध्ये मानसोपचारतज्ज्ञ मारियस रोम आणि त्यांची रुग्ण पॅट्सी हाखे यांनी दूरचित्रवाणीवरून आवाज ऐकणाऱ्यांना संपर्क साधायचं आवाहन केलं. साडेचारशेच्या आसपास अशी माणसं पुढे आली आणि त्यांतली दीडशेएक आपल्या आवाजांसह बऱ्यापैकी निभावून नेत होती. डॉक्टरांना ही माणसं कधी भेटलीच नव्हती. भेटणार तरी कशी, बरं चाललेला माणूस दवाखान्यात जातो कशाला!

ऑफिसात माझी खरी पंचाईत आकड्यांची. मी बेरीज करत असते आणि आवाज मुद्दाम भलतेच आकडे सांगतो. म्हणून मी आकडे ओठांतल्या ओठांत पुटपुटते. आपलंच आतलं बोलणं परक्याचं वाटू लागतं, हे या अनुभवाचं एक स्पष्टीकरण आहे. तोंड कामाला लागलं की त्या बोलण्याला जागा उरत नाही, असं म्हणतात. सगळ्यांना हे लागू पडत नाही, मला पडतं. फारच झालं तर जिन्यात जाऊन मोबाईल कानाला लावते आणि आवाजाला सुनावते, ‘आत्ता नाही, साडेआठला बोलू.’ बघणाऱ्याला वाटतं, घरचा फोन असेल. साडेआठला मात्र खरंच वेळ द्यावा लागतो, नाहीतर दुसऱ्या दिवशी तो ऐकत नाही. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला सांगू लागला, तर तडजोड नाही. त्या दिवशी रजा आणि थेट डॉक्टर.

या सगळ्याहून दमवतं ते लपवणं. मीटिंगमध्ये साहेब बोलतात, हा बोलतो, आणि चेहरा एकाचंच ऐकत असल्यासारखा ठेवायचा.

मानसिक आजार असलेल्यांना आधी प्रशिक्षण, मग नोकरी ही रीत उलटी करून अमेरिकेत १९९०च्या दशकात आधी खरी नोकरी आणि तिथेच सल्लागाराचा आधार, असा प्रयोग सुरू झाला. पुढच्या चाचण्यांमध्ये या वाटेने जास्त माणसं नोकरीला लागली. मला त्याचं नवल वाटत नाही. नोकरी करायला नोकरीतच शिकतात.

साहेबांना काय सांगायचं, हे सगळे विचारतात. मी आजाराचं नाव सांगितलं नाही, गरज सांगितली: औषधाने सकाळी डोकं जड असतं, अकराला येईन, सातपर्यंत थांबेन, आणि टेबल प्रिंटरपासून लांब हवं, कारण त्याच्या घरघरीतून मला शब्द ऐकू येतात. हे शेवटचं कारण अर्थात गिळलं.

शेजारच्या टेबलावरच्या बाईंना मात्र खरं सांगितलंय. मी पुटपुटायला लागले की त्या ‘काय म्हणतोय?’ असं कधी विचारत नाहीत. खुर्ची ओढतात आणि म्हणतात, ‘चला, वाचा आकडे, मी टिक करते.’