ताळगावच्या पठारावरचं विद्यापीठ

(ड्रोन : पठार, पलीकडे झुवारीचं मुख)

पणजीजवळचं ताळगावचं पठार. सव्वाचारशे एकरांहून जास्त जागा, खाली झुवारी समुद्राला मिळते. गोवा विद्यापीठाच्या या इमारतींचा आराखडा सतीश गुजराल यांचा. मूळचे चित्रकार, वास्तुकलेची पदवी नसलेले. सरकारी कामात एवढं धाडस क्वचितच दिसतं!

(जुनी छायाचित्रं)

पोर्तुगीज अमलात पणजीत १८४२पासून वैद्यकीय शाळा होती. बीए-बीएस्सी करायचं तर मात्र बेळगाव, धारवाड, पुणे, नाहीतर मुंबई. १९६१ला गोवा मुक्त झाला, १९६२ला पणजी आणि मडगावात कॉलेजं उघडली, पण ती मुंबई विद्यापीठाला जोडलेली. पेपर मुंबईचा, निकाल मुंबईचा, पदवीवर शिक्काही मुंबईचा. पणजीतलं पदव्युत्तर केंद्रसुद्धा मुंबईचंच. १९८४ला कायदा झाला आणि जून १९८५मध्ये गोवा विद्यापीठ सुरू झालं. पेडण्यापासून काणकोणपर्यंतच्या मुलांना गोव्याच्याच विद्यापीठातून एमए-एमएस्सी करता येऊ लागलं.

(ग्रंथालय : कसर लागलेलं पान)

हा पांडुरंग पिसुर्लेकरांचा संग्रह. सत्तरी तालुक्यातल्या पिसुर्ल्याचा हा माणूस पोर्तुगीजांचं दप्तर सांभाळता सांभाळता त्यातून मराठ्यांचा इतिहास शोधत राहिला. त्यांची पुस्तकं इथं कुणालाही बसून वाचता येतात.

(प्रयोगशाळा)

आणि ही बुरशी. विद्यापीठानं बुरशींचा जिवंत संग्रह जपला आहे. सह्याद्रीच्या रानातला पालापाचोळा आणायचा, पुन्हा पुन्हा धुवायचा, बारीक करायचा. तो चुरा काचेच्या बशीत अगारवर, म्हणजे बुरशी वाढवायच्या जेलीवर, पसरायचा आणि वाट पाहायची. मग सूक्ष्मदर्शकाखाली, सुईच्या टोकानं, हवा तेवढाच तंतू उचलायचा. हात हलला की दुसरीच बुरशी सोबत येते, मग पुन्हा पहिल्यापासून. शुद्ध वाण मिळाला की तो परीक्षानळीत जातो, नळीवर चिठ्ठी लागते. पण काम संपत नाही. अगार सुकण्याआधी वाण नव्या नळीत घ्यावा लागतो. नाहीतर तो मरतो.

यातून उद्या एखादं औषध निघेल, एखादं विकर (एन्झाइम) निघेल, कदाचित काहीच निघणार नाही. फीच्या पैशांवर चालणाऱ्या खासगी संस्थेला हा धंदा परवडायचा नाही. इथं तो सरकारी तिजोरीतून, तुमच्या-आमच्या करातून चालतो. अर्थसंकल्पावर बोलताना आमदारांनी या नळ्यांची खोलीही एकदा बघून जावी. पणजीहून बस थेट इथवर येते.