एप्रिलचा तिसरा मंगळवार

(मालवणात वाचनालयाच्या सभागृहात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. पंखे फिरतायत तोवर बोलून घेतो, कारण मे महिन्यात आपल्याकडे विजेचं काय असतं ते मी तुम्हाला सांगायला नको.

येताना दांडीच्या किनाऱ्यावरून आलो. १ जूनपासून मासेमारी बंद, म्हणून काही होड्या आत्ताच वर ओढल्यात आणि त्या झावळांनी शाकारायचं काम चाललंय. कुणी कुणाला आठवण करून देत नाही. तारीख ठरलेली आहे, काम ठरलेलं आहे. मी पुण्यात वीस वर्षं सर्व्हर सांभाळतोय, आणि खरं सांगतो, आमच्या धंद्यात एवढी शिस्त मी फार थोड्या ठिकाणी पाहिली.

आजचा विषय रनटाइम आणि त्याच्या अपडेट. तुमच्या पतसंस्थेचं हिशेबाचं सॉफ्टवेअर, आंब्याच्या कारखान्यातलं स्टॉकचं, ग्रंथालयाचं देवघेवीचं, ही बरीचशी सॉफ्टवेअरं मशीनवर थेट उभी नसतात. त्यांच्या खाली एक थर असतो, तोच रनटाइम. तो प्रोग्रॅमला मेमरी देतो, फाइल उघडून देतो, नेटवर बोलून देतो. जावा, डॉटनेट, नोड, पायथन, पीएचपी ही त्या थरांची नावं. चिऱ्याच्या घराला जोतं असतं ना, तसं. फरक एवढाच की इथे लाखो घरांना एकाच कारखान्यातलं जोतं आहे. त्यात चीर सापडली, की ती सगळ्यांच्या घरात एकाच दिवशी सापडते.

२०१३ साली असंच झालं. १० जानेवारीला बाहेर फुटलं, की जावा ७ मध्ये एक भोक आहे आणि नुसतं एखादं वेबपान उघडलं तरी मशीन दुसऱ्याच्या ताब्यात जातं. चोरांच्या तयार हत्यारांच्या पेटीत ते आधीच पोचलं होतं. अमेरिकी सरकारच्या सुरक्षा खात्याने लोकांना सांगितलं, ब्राउझरमधली जावा बंदच करून टाका. जावा बनवणाऱ्या ओरॅकल कंपनीने १३ तारखेला दुरुस्ती दिली. पुढच्या जानेवारीत, म्हणजे २०१४ मध्ये, जावा ७ ची ५१ नंबरची अपडेट आली. तिने ब्राउझरमधल्या, बनवणाऱ्याची डिजिटल सही नसलेल्या आणि स्वतःच सही ठोकलेल्या प्रोग्रॅमना सरळ अडवायला सुरुवात केली.

आता कुडाळला या. माझा चुलतभाऊ तिथे ठेकेदारांची टेंडरं ऑनलाइन भरून देतो. डिजिटल सहीचं डोंगल, म्हणजे पेन ड्राइव्हसारखी किल्ली, लावायचं, पोर्टल उघडायचं, ते पोर्टल ब्राउझरमध्ये जावाचा तुकडा चालवून सही करून घेणार. २०१८ च्या सुमारास मी त्याच्या दुकानात सहज बसलो होतो. मशीन बघतो तर जावा ७, अपडेट ४५. म्हटलं, अरे, ही २०१३ ची. तो म्हणाला, "हात लावू नको हां. नवीन घातलंय तर टेंडर भरूक जमाचा नाय."

मी आधी हसलो. मग तो नंबर डोक्यात बसला. ४५. म्हणजे ५१ च्या अगदी आधीची. ५१ टाकली तेव्हा पोर्टल अडलं असणार, कुणीतरी ती काढून ४५ परत घातली असणार, आणि तेव्हापासून चार वर्षं त्या मशीनवर देव बसवल्यासारखी ती पुजली गेली. त्याला आळशी म्हणणं सोपं आहे. पण तो आळशी नव्हता, त्याचं पोट त्या पोर्टलवर होतं. आणि गंमत ऐका: ५१ बरोबरच कंपनीने एक अपवादांची यादीही दिली होती. विश्वासाच्या साइटचा पत्ता त्या यादीत टाकला, की ती चालते. आम्ही जावा ८ ची त्या दिवशीची ताजी अपडेट घातली, यादीत एक ओळ लिहिली, डोंगल लावलं, आणि टेंडर गेलं. एका ओळीसाठी चार वर्षं.

माझं म्हणणं एवढंच आहे. जुनी आवृत्ती कुठेही उगाच राहत नाही. तिला कुणीतरी, कशासाठीतरी धरून ठेवलेलं असतं. अपडेट करण्यापूर्वी ते कारण शोधा. नाहीतर तुम्ही आज काढाल आणि उद्या सकाळी दुकान उघडताना तो परत घालेल.

आणि शोधताना मशीनला एकदा विचारून भागत नाही. जावाची आवृत्ती विचारणारी कमांड दिलीत तर ती एकच उत्तर देते, वाटेत पहिली जी भेटते तिचं. डिस्कवर आणखी तीन असू शकतात. एक हिशेबाच्या सॉफ्टवेअरने स्वतःच्या फोल्डरात बरोबर आणलेली, एक प्रिंटरच्या कुठल्याशा सुविधेची, एक आधीच्या ऑपरेटरने ठेवलेली. कित्येक वर्षं जावाचा अपडेटर नवी आवृत्ती घालायचा आणि जुन्या काही तशाच सोडायचा, वर सांगायचा की तुम्ही सुरक्षित आहात. यावरून २०१५ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने ओरॅकलला तडजोडीच्या करारावर आणलं. म्हणून प्रत्येक मशीनवर शोध मारा, आणि काय कुठे आहे ते साध्या वहीत लिहा. महागडं सॉफ्टवेअर लागत नाही.

आता तारखा. जावाच्या सुरक्षा दुरुस्त्या वर्षात चार वेळा येतात: जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, त्या त्या महिन्याच्या तिसऱ्या मंगळवारी. डॉटनेटच्या दुरुस्त्या मायक्रोसॉफ्ट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी देतं. आपल्या किनाऱ्यावर यातली कुठली चुकते सांगू? एप्रिलची. ऐन हापूसचा हंगाम, पेट्या निघतायत, बिलं फाटतायत, त्या दिवसांत कारखान्यात कॉम्प्युटरला हात लावू देणारा मालक मला अजून भेटायचाय.

१९ एप्रिल २०२२. तिसराच मंगळवार. त्या दिवशी जावातल्या सहीच्या तपासणीतली एक चूक दुरुस्त झाली. नील मॅडन नावाच्या संशोधकाने ती आदल्या नोव्हेंबरात कळवली होती. एका प्रकारच्या डिजिटल सहीत दोन आकडे असतात, आणि त्यातला एकही शून्य असून चालत नाही, हे पहिल्यांदा तपासायचं असतं. जावा १५ मध्ये हा भाग जुन्या सी प्लस प्लसमधून जावात नव्याने लिहिला, आणि ती तपासणी गाळली गेली. शून्य आणि शून्य दिलं की समीकरण दोन्ही बाजूंनी जुळतं. म्हणजे कोऱ्या कागदावरची सही कुणाच्याही नावाने चालली! १५ ते १८ या आवृत्त्या त्यात सापडल्या, ८ आणि ११ सुटल्या. आता मागच्या रांगेत कुणीतरी मनात म्हणालं असेल, बघा, जुनंच बरं. नाही हो. एकदा वाटेत साप आडवा आला नाही म्हणून कुणी रात्री बॅटरी घरी ठेवून निघत नाही.

आणखी एक. त्या चुकीला ओरॅकलने धोक्याचे दहापैकी ७.५ गुण दिले, मॅडन यांच्या कंपनीने पुरे १०. दोघेही आपापल्या जागी बरोबर. गुण चुकीला असतात, तुमच्या घराला नसतात. सह्या तपासणं हाच ज्याचा धंदा, त्याला ते दहा. ज्याच्याकडे ती सही वापरातच नाही, त्याला दोनसुद्धा नाहीत.

रुटीन अपडेट कशाला, असं विचारणाऱ्यांना मी लॉगफोरजेची गोष्ट सांगतो. डिसेंबर २०२१. जावावर चालणाऱ्या, नोंदी लिहिणाऱ्या एका फुकट लायब्ररीत, म्हणजे प्रोग्रॅममध्ये जोडायच्या तयार कोडमध्ये, भोक निघालं. चॅटमध्ये एक विशिष्ट ओळ टाइप केली की सर्व्हर बाहेरून कोड आणून चालवायचा. चूक लायब्ररीची, पण बाहेरून कोड आणायची सोय खालच्या जावातली. आणि त्या सोयीतला सगळ्यात सरळ रस्ता जावा ८ च्या १९१ व्या अपडेटने ऑक्टोबर २०१८ मध्येच मुळात बंद करून ठेवला होता. आडवाटा उरल्या होत्या, त्यामुळे लायब्ररी बदलावी लागलीच. पण ज्यांनी तीन वर्षांपूर्वी काहीही न समजता नेमाने अपडेट घातली होती, त्यांच्यावर पहिल्या रात्रीचा साधा हल्ला फुकट गेला.

अपडेट घातली की प्रोग्रॅम बंद करून पुन्हा सुरू करा, हे राहतंच. डिस्कवर नवी असते, मेमरीत जुनीच चालू असते, आणि वहीत "झालं" असं लिहिलेलं असतं. हे माझ्या हातून झालंय, अकरा दिवस.

पैशाचं कारणही असतं. २०१९ पासून ओरॅकलच्या जावा ८ ची नवी अपडेट धंद्यासाठी विकत घ्यावी लागते, आणि त्या धास्तीने पुष्कळांनी अपडेट करणंच सोडलं. तीच जावा टेमुरिन किंवा अॅमेझॉनच्या कोरेटो या नावांनी फुकट मिळते, दुरुस्त्यांसकट.

मघाशी एका बाईंनी चिठ्ठी पाठवली: "आमचा सॉफ्टवेअरवाला म्हणतो, अपडेट केलंत तर जबाबदारी माझी नाही. काय करू?" ताई, त्याच्याशी भांडू नका. त्याच्याकडून लेखी घ्या, की तुमचं सॉफ्टवेअर कुठल्या रनटाइमच्या कुठल्या आवृत्तीवर चालतं आणि त्या आवृत्तीला दुरुस्त्या कधीपर्यंत मिळणार आहेत. वार्षिक देखभालीचा करार पुढच्या वेळी कराल तेव्हा ही ओळ त्यात घाला. तोवर ज्या मशीनवर ती जुनी आवृत्ती आहे, तिचं इंटरनेट तोडा. तोडता येत नसेल तर त्यावर मेल आणि पेन ड्राइव्ह बंद करा. आणि मोठी उडी, ८ वरून १७ वगैरे, जुलैत मारा. होड्या वर असतात, आंबा संपलेला असतो, कुणी घाईत नसतं. आधी एकाच मशीनवर, आठवडाभर. फक्त तेवढा यूपीएस बघून ठेवा, जुलैतली वीज मेपेक्षाही वाईट.