काकूचा केस आणि वागळे इस्टेट

नमस्कार श्रोतेहो. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधून रिक्षाने गेलात तर आता काचेच्या इमारती दिसतात. एमआयडीसी, म्हणजे राज्याचं औद्योगिक विकास महामंडळ, १९६२ची, आणि तिच्या सुरुवातीच्या वसाहतींतली ही एक. तेव्हा इथे भोंगे वाजायचे. भोंग्यावर अख्ख्या किसननगरची घड्याळं लागत. मोबाइलच्या गजराला ती जरब नाही, हे माझं ठाम मत.

माझे काका गुहागरकडून आले, चौथी पास. हेल्पर म्हणून लागले. काम काय, तर लेथखाली, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्राखाली, साचलेले लोखंडाचे छिलके झाडायचे. लेथ चालवणारा टर्नर उस्ताद जेवायला गेला की हे त्याचा जॉब, म्हणजे कातायला घेतलेला तुकडा, हातात घेऊन निरखत बसत. एकदा सापडले. उस्तादाने शिवी हासडली आणि बारीक जाडी मोजायचा मायक्रोमीटर पुढे केला. "मोज."

"काय मोजू?"

"डोक्यावरचा केस उपट नि मोज!"

भरला सात शतांश मिलिमीटर. दुसऱ्या दिवशी काकांनी डब्याच्या फडक्यात गाठ मारून काकूचा केस नेला. आठ शतांश! काकू अजून ऐकवते, "माझा केस कंपनीत मोजलाय." आणि चौथी शिकलेले काका पाच वर्षांत टर्नर झाले.

अर्थतज्ज्ञ आर्थर लुईस यांनी १९५४ साली मांडलं ते हेच. शेतीत गरजेपेक्षा जास्त हात असतात. ते कारखान्यात गेले तरी पीक फारसं घटत नाही, इकडे माल वाढतो, नफ्यातून नवी यंत्रं येतात, आणखी हात लागतात. दक्षिण कोरिया, तैवान असेच वर आले. पुन्हा सांगतो : शेतातून थेट कारखान्यात, फारसं न शिकता.

आपल्याकडे ही साखळी नीट जुळलीच नाही. श्रीमंत होण्याआधीच कारखान्यांतल्या नोकऱ्यांचा वाटा ओसरू लागतो, याला अर्थतज्ज्ञ दानी रॉड्रिक अकाली निरुद्योगीकरण म्हणतात. २०१४च्या मेक इन इंडियात देशाच्या उत्पन्नातला कारखानदारीचा वाटा २०२२पर्यंत २५ टक्क्यांवर न्यायचं ठरलं होतं. तो १७च्या आतबाहेरच घुटमळला. आणि शेतीत अजून ४० टक्क्यांहून जास्त हात आहेत.

ठाण्यात तर मालापेक्षा जागेला भाव आला. काकांची कंपनी बंद पडली, तिथे आयटी पार्क झालं. काकांचा नातू बारावी होऊन तिथेच जेवणाची पार्सलं पोचवतो. परवा काकांनी विचारलं, "आत मशीन कुठली आहेत रे?"

"ठाऊक नाही आजोबा. पार्सल गेटवरच घेतात."