शेव महागली, सोयाबीन तिथेच
(इंदूरमधल्या एका व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, विषय आहे ‘आयात शेतमाल आणि अँटी-डम्पिंग शुल्क’. तरी सभागृह भरलंय, म्हणजे नंतर पोहे आहेत ही बातमी फुटलेली दिसते.

सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रानं कच्च्या पाम, सोया आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ सीमाशुल्क शून्यावरून २० टक्के केलं. सेस वगैरे धरून ५.५चं २७.५ झालं. लगेच मी नेहमीच्या दुकानात लौंग सेव घ्यायला गेलो, तर भाव चढलेला. “भिया, ड्यूटी बढ़ गई!” म्हटलं, अरे, तुझे डबे तर आधीचे भरलेले. म्हणाला, “तेल पुराना है, भाव नया है.” घेतली अर्थात. इथं वरणभातावरही सेव लागते, पुण्याच्या पाहुण्यांनी नाक मुरडलं तरी.

पुढे आमचे भावजी सांवेरहून सोयाबीन घेऊन मंडीत आले. २०२४-२५ च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये. बोली चार हजारांच्या जरा वर, त्यात ओलाव्याच्या नावानं कपात. भावजींनी विचारलं, “सेठ, ड्यूटी बढ़ी ना?” उत्तर आलं, “वो तेल पे बढ़ी है, दाने पे नहीं.”

भावजी आठवडाभर धुमसत होते. पण व्यापाऱ्याचं बोलणं अगदीच खोटं नव्हतं. क्विंटलभर सोयाबीनमधून तेल निघतं साधारण १८ किलो, बाकी बहुतेक पेंड. आणि पेंडीचा भाव पडलेला, कारण इथेनॉल कारखान्यांचा धान्याचा चोथा पशुखाद्यात स्वस्त मिळतो.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं. आणि मुख्य मुद्दा अजून पिशवीतच!

तर १९७५चा सीमाशुल्क दर कायदा. परदेशी माल त्यांच्या घरच्या भावापेक्षा स्वस्तात इथं ओतला, म्हणजे डम्पिंग केलं, तर कलम ९अ खाली अँटी-डम्पिंग शुल्क. तिथल्या सरकारचं अनुदान असेल तर त्याची भरपाई करणारं शुल्क, कलम ९. चौकशी डीजीटीआर, म्हणजे केंद्राचं व्यापार-उपाय महासंचालनालय करतं. अर्ज कोणी करायचा? तीच वस्तू बनवणाऱ्या देशी उद्योगानं. वस्तू तेल, म्हणजे उद्योग गिरण्यांचा. भावजी दाणा पिकवतात, ते हिशेबातच नाहीत. आणि ज्या खाद्यतेल रिफायनऱ्या स्वतःच परदेशातून कच्चं तेल आणतात, त्या कशाला तक्रार करतील? २०१९ मध्ये मलेशियाच्या रिफाइंड पामतेलावर १८० दिवस ५ टक्के जादा शुल्क लागलं, तेही सेफगार्ड, म्हणजे आयात एकदम वाढली की लावतात ते, आणि तेही रिफायनऱ्यांसाठी. कच्चं तेल त्यातून बाहेर.

उरतं साधं सीमाशुल्क, सरकारच्या मर्जीवरचं. मे २०२५ च्या अखेरीस कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ शुल्क २० टक्क्यांचं १० झालंसुद्धा.

माझी मागणी एकच: तेलाच्या प्रकरणात तेलबिया पिकवणाराही ‘उद्योग’ धरा. अमेरिकेनं १९८८ मध्ये प्रक्रिया केलेल्या शेतमालासाठी तशी तरतूद केली. अट अशी की, कच्च्या मालापासून पक्क्यापर्यंत उत्पादनाची साखळी सलग हवी आणि दोघांचं हित एक हवं. वकीलसाहेब मागून हात हलवताहेत, ठाऊक आहे मला! २००१ मध्ये कोकराच्या मांसाच्या वादात जागतिक व्यापार संघटनेच्या अपील मंडळानं मेंढपाळांना मांसउद्योगात धरायला नकार दिला. पण तो वाद सेफगार्डचा होता, डम्पिंगचा नव्हे. शिवाय आपल्याकडे दुसरी अडचण आहेच: गिरणीला दाणा स्वस्त हवा आणि भावजींना महाग, मग हित एक कसं दाखवायचं? त्यावर वकीलसाहेबांनीच बोलावं, माझी वेळ संपली.