एका पट्टीत दोन आवाज

(दृश्य: पूर्व भागातली गल्ली, मागांचा आवाज. कॅमेरा सरावाच्या खोलीत.)

सोलापूरच्या पूर्व भागात सराव करायचा तर यंत्रमागाचा खडखडाट धरूनच. भिंतीपलीकडे माग चालतोय, अलीकडे ऑर्केस्ट्रातले कीबोर्डवाले दादा वायरी जोडतायत. ६१ पट्ट्यांचा जुना कीबोर्ड, शेजारी स्टुलावर लॅपटॉप. लॅपटॉपखाली घडी घातलेली सोलापुरी चादर आहे, कारण मागाची थरथर स्टुलापर्यंत येते.

हा कीबोर्ड काढून टाका, असं दादांना कितीतरी जणांनी सांगितलं. टोन जुने झालेत, स्ट्रिंग्ज, म्हणजे व्हायोलिनच्या ताफ्याचा आवाज, पातळ वाटतात. ते खरंही आहे. पण याचा पियानो आजही खणखणीत आहे आणि पट्ट्या दादांच्या बोटांना पाठ आहेत. असं वाद्य भंगारात जाऊ नये, असं आम्हाला मनापासून वाटतं. म्हणून दादा पियानो याचाच ठेवतात आणि स्ट्रिंग्ज लॅपटॉपमधून घेतात.

(दृश्य: यूएसबी वायर, जवळून.)

कीबोर्डपासून लॅपटॉपपर्यंतच्या या वायरीतून आवाज जात नाही, निरोप जातो. कुठली पट्टी दाबली, किती जोरात, कधी सोडली. जोराचं माप १ ते १२७. या भाषेचं नाव मिडी. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या एका प्रदर्शनात प्रॉफेट-६०० आणि ज्युपिटर-६ हे दोन वेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर तिच्यावरच जोडून दाखवले होते. दादांचा लॅपटॉप आजही तीच भाषा ऐकतो.

पट्टी एकच. पियानो कीबोर्डचा, व्हायोलिनचा ताफा लॅपटॉपचा. पियानोचा ठोका चटकन येतो आणि विरायला लागतो. स्ट्रिंग्ज सावकाश चढतात आणि विरता सूर उचलून धरतात. आधी नुसता कीबोर्ड ऐका.

(निवेदन थांबतं. कीबोर्ड. मग दोन्ही.)

नुसते एकावर एक चढवले तर चिखल होतो. म्हणून दादा स्ट्रिंग्जचा साधारण २०० हर्ट्झखालचा, म्हणजे खर्जातला भाग कापतात. ती जागा बेसची आणि ढोलकीची.

मग सूर. आज पेटी जरा चढी आहे. दादांनी कीबोर्डचा मूळ सूर ४४० हर्ट्झवरून ४४२ वर नेला, पण लॅपटॉपला हे आपोआप कळत नाही. तिथे वेगळं करावं लागतं. विसरलं तर दोन्हींचा हा सूर एकत्र वाजताना सेकंदाला दोन हेलकावे येतात. हे बघा, गायकाची मान लगेच वळली.

राहता राहिला उशीर, पट्टी दाबल्यापासून लॅपटॉपचा आवाज येईपर्यंतचा. लॅपटॉप आवाज लहान लहान तुकड्यांत तयार करून पुढे पाठवतो, त्या तुकड्याचं माप म्हणजे बफर. तो २५६ नमुन्यांवर ठेवला की त्याचा उशीर जेमतेम ६ मिलिसेकंद, म्हणजे दोन मीटरवरच्या स्पीकरचा आवाज कानावर यायला लागतो तेवढा. बफर वाढवला तर स्ट्रिंग्ज बोटांच्या मागे पडतात, फार कमी केला तर आवाज चरचरतो. लेझीमच्या ठेक्याला दोन्ही चालत नाही.

आणि लॅपटॉप मध्येच अडकला तरी पियानो थांबत नाही. पेनड्राइव्हवरचा तयार साथीचा ट्रॅक अडकला की गायक उघडा पडतो. स्टेजवर वाजवणारा माणूस हवाच.

पूर्वी या ऑर्केस्ट्रात दोन व्हायोलिनवादक असायचे. आता त्यांना क्वचित बोलावणं जातं.

(दृश्य: संध्याकाळ, गल्लीच्या तोंडाशी रिक्षा.)

कार्यक्रम हुतात्मा स्मृती मंदिरात आहे. कीबोर्ड मागच्या सीटवर आडवा, लॅपटॉप चादरीत गुंडाळलेला. वायर मात्र दादांनी शर्टाच्या खिशात ठेवलीय.